रुपाबाईचा उपाशी मासा

शेलूबाजारच्या गोपीचंदच्या घरात समुद्रातला मासा आला तो पवनमुळं. पवन त्याचा एकुलता एक मुलगा, पुण्यात नोकरीला. आईबापांना घर सुनं वाटू नये म्हणून दिवाळीत त्यानं खाऱ्या पाण्याची काचेची टाकी लावून दिली आणि तीत एकच मासा सोडला.

मासा ताटलीसारखा चपटा, हळदीसारखा पिवळा. अंगावर बारीक जांभळट रेघा, डोळ्यावरून काळा पट्टा, तोंड चिमट्यासारखं निमुळतं. गोपीचंदची बायको रुपाबाई भाजी निवडायलाही टाकीपाशीच बसू लागली.

पण मासा खाईना. पवननं दिलेले दाणे तळाशी साचले. तिनं उकडलेलं अंडं चुरून टाकलं, मटार सोलून टाकले. मासा जवळ यायचा आणि परत फिरायचा. त्याचं पोट आत गेलं.

"काहून खात नाही रे हा?" तिनं पवनला फोन केला.

पवननं दुकानदाराला विचारलं, तेव्हा कळलं. हा मासा कोमट, उथळ समुद्रात प्रवाळाच्या खडकांवर राहतो आणि जिवंत प्रवाळाचे इवलेसे जीव टिपून खातो. बाकी कशाला तो सहसा तोंड लावत नाही.

"आई, मले माहीत नव्हतं. नाहीच जगला तर दुसरा आणू."

"दुसरा कायले? याले जेवू घाल ना आधी!"

पवननं चौकशी करकरून अकोल्याच्या सुकेशनीताईंचा पत्ता काढला. त्यांच्या घरी जिवंत प्रवाळाची मोठी टाकी होती. दुसऱ्याच दिवशी नवराबायको एसटीनं निघाले. पाण्याच्या पिशवीतला मासा थर्माकोलच्या डब्यात, डबा रुपाबाईच्या मांडीवर.

"लोक हसतीन आपल्याले," गोपीचंद पुटपुटला. पण खिडकीतून ऊन आलं तसा त्यानंच खांद्यावरचा दुपट्टा डब्यावर पसरला.

सुकेशनीताईंनी पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवली, हळूहळू तिथलं पाणी तीत मिसळलं, मग मासा सोडला. तो दगडामागं दडून बसला. तिघं बघत राहिले. चहा निवला. अखेर मासा बाहेर आला, एका तपकिरी प्रवाळाशी थबकला आणि टुचकन टोचा मारला. मग दुसरा.

"जेवून राह्यला वं माय!" रुपाबाईनं पदर डोळ्यांना लावला. "पण ताई, तुमचं प्रवाळ खाऊन टाकीन हा."

"खाऊ द्या. वाढतं ते माझ्याकडे," सुकेशनीताई म्हणाल्या.

मासा तिथंच ठेवून दोघं संध्याकाळी घरी परतले, तेव्हा पवननं फोनवर विचारलं, "आता टाकी काढून नेऊ का?"

"राहू दे," रुपाबाई म्हणाली. "पण आता जे आणशीन, ते काय खाते, पह्यले इचारून घेजो."