न जेवलेली मद्रीना

इर्विंगने माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि लगोलग एक कागद पुढे सरकवला.

"दोन्या ओब्दुलिया, एवढंच म्हणायचं. हसत हसत." दोन्या म्हणजे बाईसाहेब, मानानं म्हणायचा मला.

कागदावर लिहिलं होतं: 'आमच्याकडून चूक झाली होती. ती आता सुधारली जातेय, याचा आनंद वाटतो.'

पडद्यापलीकडे आठशे माणसं बसली होती. चाळिशी ओलांडलेली, पोटं सुटलेली, त्यावर पुठ्ठ्याची चिलखतं. 'धुक्याचं राज्य' बघत वाढलेली पोरं ही. ते कार्टून बनलं परदेशात, पण मेक्सिकोत ते जे काही बोललं ते मी आणि फिदेन्सिओ झाल्दीवारनं लिहिलं. पात्राचे ओठ किती वेळा हलतात ते मोजायचं आणि तेवढ्यात बसेल असं वाक्य त्याच्या तोंडी घालायचं, हा आमचा धंदा. आता इर्विंगची कंपनी ते सगळं नव्या संवादांत परत आणत होती.

चूक झाली ती चौऱ्याऐंशी साली. पहिल्या दोन भागांची रीळं आली, सोबत कागदाचा चिटोराही नाही. चित्रात काळ्या झग्यातली एक बाई तान्ह्या राजपुत्राला हातावर घेऊन त्याच्या डोक्यावर पाणी ओतते. आम्हाला दुसरं काय दिसणार? बाप्तिस्मा! म्हणजे ही त्याची मद्रीना, धर्माची आई. तसं लिहून मोकळे झालो, भाग टीव्हीवर लागलेही. तिसऱ्या भागाबरोबर संहिता आली तेव्हा कळलं, बाई चेटकीण होती आणि पाणी शापाचं.

मी कपाळावर हात मारला. फिदेन्सिओ मात्र खो खो हसला. म्हणाला, "मग ती रुसलीय, दुसरं काय! बाप्तिस्म्याच्या पंगतीत हिलाच मोलेचा रस्सा वाढायचा राहिला."

तिथून ती बाई बावन्नाव्या भागापर्यंत रुसून होती. राजपुत्रावर वादळं सोडायची, पण ज्या हातानं पाणी घातलं त्या हातानं पोराला मारवायचं नाही तिला. पोरं तिच्यावर जीव टाकायची. दर भागाच्या शेवटी निवेदक स्टुडिओचं नाव वाचायचा, आमचं कधीच नाही. फिदेन्सिओ तरी दर वेळी घरच्यांना गप्प करून शेवटपर्यंत ऐकत बसायचा, चुकून म्हणतील म्हणून. वाट बघतच गेला बिचारा.

"एवढं बोललात की नव्या श्रेयनामावलीत तुमची दोघांची नावं," इर्विंग साखर पेरत म्हणाला. "परदेशातल्या मूळ लेखकांचाही मान राहतो."

"त्यांचा मान ठेव की. माझ्या वाक्यांवर कशाला पाय देतोस?"

"दोन्या, चूक ती चूकच ना?"

मी कागद घडी करून हातात घेतला, कारण पहिल्या रांगेत रेमेडिओस होती, फिदेन्सिओची बायको. नवऱ्याचं नाव पडद्यावर बघायला प्वेब्लाहून बस पकडून आली होती, केस बिस करून.

मी मंचावर गेले. कागद उघडला. पहिले दोन शब्द वाचले आणि तो मिटून टाकला. मला भयंकर राग आला, सगळ्यात जास्त स्वतःचाच.

"चूक दोन भागांपुरती झाली," मी म्हणाले. "नंतरचे पन्नास आम्ही डोळे उघडे ठेवून लिहिले. संहिता समोर होती. त्यातली चेटकीण आम्हाला पटली नाही. तुम्हाला पटली असती?"

"नाही!" सभागृह ओरडलं.

इर्विंग बाजूनं कुजबुजला, "मग नावं विसरा."

"विसरले, पोरा. जा, तुझी चेटकीण तुला लखलाभ."

माईक बंद झाला. मी रेमेडिओसकडे बघितलं. तिच्या नवऱ्याचं नाव मी घालवलं होतं, तिला न विचारता.

"हे लिहिणारा फिदेन्सिओ झाल्दीवार," मी म्हणाले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आवाज तो किती असणार?

"ऐकू येत नाही!" मागून कुणीतरी ओरडलं.

रेमेडिओस उठली. पर्स खुर्चीवर ठेवली, लोकांकडे तोंड केलं आणि माझ्या तिप्पट आवाजात नवऱ्याचं पूर्ण नाव घेतलं. मग माझं घेतलं.