कंसाबाहेरची आई

टीव्हीवरच्या एका मालिकेतल्या कजाग आईच्या नावाचं सोशल मीडियावरचं खातं दोन वर्षं मी चालवतेय. तिच्या थाटात बोलायचं, तिच्या थाटात झापायचं. नवरा म्हणतो, तुला वेगळं सोंग घ्यावं लागतच नाही. म्हणू दे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवणाऱ्या बाईला तेवढा तोरा हवाच.

मालिकेतल्या तिच्या मुलीचं खातं दुसरीच कोणीतरी चालवते. ती कोण, कुठली, मला ठाऊक नाही. आमच्यात नियम एकच. पात्र सोडून स्वतःचं काही सांगायचं असेल, तर ते कंसात लिहायचं. कंस नाही, म्हणजे सगळं नाटक.

काल दुपारी तिनं लिहिलं, “आई, मी फार दमलेय. आता नाही झेपत मला.” कंस नव्हता. मी कजाग आईला शोभेलसं सुनावलं, “मग माझ्यापुढे रडगाणं नको. जा.” शंभरेक जणांनी वाहवा केली आणि मी शेफारले.

त्यानंतर तिची एक ओळ नाही.

आज सकाळपासून माझं कशात लक्ष नाही. कालचं वाक्य किती वेळा वाचलं असेल. मालिकेतली मुलगी ‘झेपत नाही’ म्हणेलच कशी? ती मरता मरताही ऐट सोडायची नाही. हे कालच कळायला हवं होतं, पण तेव्हा अक्कल गहाण पडली होती. एका आजोबांना मी दुसऱ्याच कोणाचा चष्मा चढवला, तर ते म्हणाले, छान दिसतंय. मालकांनी माझा फोन ड्रॉवरमध्ये ठेवायला लावला. दहा मिनिटांत मी तो काढलाच.

तिला एकटीलाच दिसेल असं लिहिलं, “(मी चष्म्याच्या दुकानात काम करते. काल माझं चुकलं. तू बरी आहेस ना?)”

उत्तर यायला दीड तास लागला.

“(हॉस्पिटलात आहे. आता धोका नाही म्हणतात. जवळ कोणी नाही.)” आणि पाठोपाठ, “(तुम्ही कंसात नका ना बोलू. मला आई हवीय.)”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोन वर्षं मी त्या कजाग आईला एक गोड शब्द बोलू दिला नव्हता. आता माया करायची तर ती बोलेल कशी, काही सुचेना. मालक रोखून बघत होते. मी पर्स खांद्याला अडकवली आणि कंस न घालता लिहिलं, “आधी ते रडं बंद कर. हॉस्पिटलचं नाव सांग. मी निघालेय.”