कोनाड्यातला बैल

जमादारानं पोरांच्या खोलीच्या उंबऱ्याआत पाय टाकला, आणि त्याच वेळी झुंबरबाईला कोनाड्यातला लाकडी बैल दिसला.

बैल तिथं नको होता. सकाळी तिनं स्वतः तो खोलीच्या मधोमध, फरशीच्या फटीत आडवा घातला होता आणि वर गोणपाट टाकलं होतं. फरशीखाली धान्याचं पेव. पेवात ज्वारीचा दाणा नव्हता. होता तो तिचा धाकटा दीर भुजंग. सरहद्दीवरचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका जळाला, तेव्हापासून ठाणं त्याच्या मागावर होतं. आणि बंद पेव म्हणजे काय, हे टेंभुर्णीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. आधी आत कंदील सोडून बघायचा. विझला तर माणसानं उतरायचं नाही. म्हणून तर बैलाची पाचर. तेवढ्या फटीवर भुजंग श्वास घेत होता.

"म्या बैल जाग्यावर ठिवला, मोठीमाय," तारा शाबासकीच्या आशेनं म्हणाली. भुजंगाचीच ही बिनआईची पोर. बाप वऱ्हाडात गेलाय, एवढंच तिला सांगितलेलं.

पोरीला दोष द्यावा, तर ही शिस्त लावली कुणी? झुंबरबाईनंच. त्या खोलीतला पसारा पंचक्रोशीत गाजलेला. म्हणतात, एकदा त्यात मांजर शिरलं, ते पिल्लांसकट बाहेर आलं आणि प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात बाहुलीची गळसरी! म्हाताऱ्या गोजरबाईचं, म्हणजे झुंबरबाईच्या सासूचं, हरवलेलं जातंही तिथंच सापडलं होतं. जातं! आता पेवाची फरशी झटक्यात उचलता यायला हवी, म्हणून झुंबरबाई कंबर बांधून त्या ढिगाला भिडली. भातुकली टोपलीत गेली, चिंचोके आणि गोट्या गाडग्यात, चिंध्यांच्या बाहुल्या खुंटीला, सालोसालच्या पोळ्याचे मातीचे बैल कोनाड्यात. "हातातली वस्तू जाग्यावर गेल्याबिगर भाकर न्हाई," असा हुकूम सुटला. बाकीची पोरं रानात पळाली. तारा तेवढी मनापासून ऐकायला लागली.

"वा, बाई!" जमादार चौफेर बघत म्हणाला. "माझ्या घरी दोनच लेकरं हायेत, तरी पाय ठिवायला जागा न्हाई. इथं तर बिलकुल साफ!" मग त्याचं हसू मावळलं. "कुणासाठी साफ केली?"

"पोळा झाला न्हाई का आत्ता. पोळ्यासाठी."

"पोळ्याला गोठा साफ करतात, बाई."

त्यानं शिपायाला मान हलवून खूण केली. शिपाई भिंतीच्या कडेनं काठी ठोकत निघाला. ठक. ठक. जमीन भरीव बोलत होती. दोन हात मधोमध सरकला की ती पोकळ बोलणार होती. झुंबरबाईचे कान मात्र काठीकडे नव्हते. खालून काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. भुजंग खोकला असता तर सगळं संपलं असतं. आणि तो खोकत नाही, म्हणून तिचा जीव जात होता.

काठी गोणपाटाजवळ आली.

"बैल कुणी उचलला?" झुंबरबाई एकाएकी कडाडली.

तारा दचकून भिंतीला चिकटली. "तूच म्हणली व्हतीस, जाग्यावर..."

"जाग्यावर! लई जागा कळती गं तुला! घे मंग जागा!"

तिनं भातुकलीची टोपली उचलली ती सरळ भिंतीवर मारली. मग कोनाड्यात हात घातला. पोळ्याच्या बैलाला पाय लागला तरी नमस्कार करणारी ही बाई; तिनं लाकडी बैल एका हातात धरला आणि मातीचे सगळे बैल दुसऱ्या हातानं खाली ओढले. शिंगं उडाली, वशिंडं फुटली. चिंचोक्यांचं गाडगं शिपायाच्या पायाशीच फुटलं, आणि गडी असा आडवा झाला, की त्याचा फेटा ओसरीत आणि काठी जमादाराच्या नडगीवर.

"या अल्ला! ये बाई है की तूफान?" जमादार नडगी धरून ओरडला.

दारात गोजरबाई येऊन उभी राहिली. म्हातारीनं फुटके बैल पाहिले, गोणपाट पाहिलं, सुनेच्या हातातला लाकडी बैल पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"कवाची सांगून राह्यले मी, जमादारसाहेब. आवराआवर डोक्यात गेली हिच्या. काल माझी कवळी बी गाडग्यात ठिवली, चिंचोक्याच्या जोडीला. आता विळा हाती लागायच्या आत जल्दी निघा तुमी."

म्हातारीनं उभ्या जन्मात कवळी पाहिली नव्हती.

तोवर झुंबरबाई हंबरडा फोडून गोणपाटाच्या कडेशी बसली होती. केस सुटलेले, लुगड्याचा घोळ चहूकडे पसरलेला. घोळाखाली तिची बोटं फरशीच्या कडीत अडकली. पोती उचलणारे हात ते. तरी फरशी हलेना. तिनं आणखी मोठ्यानं टाहो फोडला, तेव्हा कुठं फरशी दगडावर दगड घासत उचलली गेली. तो आवाज टाहोत बुडाला. बैल फटीत सरकला.

जमादार नडगी चोळत तिच्याकडे बघत राहिला.

"चल रे," अखेर तो शिपायाला म्हणाला. "सरकली बाई. लेकराला संभाळा, आजी."

बुटांचा आवाज गल्लीत विरेपर्यंत झुंबरबाई रडत राहिली. मग वाकली.

"भुजंगभाऊजी."

तिनं फटीला तोंड लावलं.

"भाऊजी, म्या हाय."

पुष्कळ वेळानं फटीतून दोन बोटं वर आली. चाचपडत त्यांनी बैलाचा पाय धरला. एका बोटाचं नख वखराच्या पात्यानं दुभंगलेलं होतं.

तारानं ते नख ओळखलं. भातुकलीतली चेपलेली गिंडी उचलून ती माठाकडे गेली, पाणी भरून आणलं आणि फटीशी ठेवलं. मग फुटक्या बैलांचे तुकडे ओच्यात वेचू लागली.

"राहू दे," झुंबरबाई म्हणाली.

"जाग्यावर न्हाई ठिवायचं?"

"न्हाई, माय. खेळ तू."

दुपारी गल्लीतल्या बाया एकेक करून दाराशी आल्या. एवढी नेटकी झुंबर, आणि हे काय झालं म्हणून हळहळल्या. गोजरबाई उंबऱ्यात बसून, आत जाऊ नका, चावती, असं सांगत होती. झुंबरबाई खापरांच्या ढिगात तशीच बसून राहिली. बायांच्या देखत डोक्यावरून उतरलेला पदरही तिनं सावरला नाही. पदर फटीवर होता, आणि थांबून थांबून, जरा जरा वर उचलला जात होता.