माकडाने नेलेली पिशवी

महाडच्या ‘रेडिओ सांगावा’वर सकाळी सात ते आठ ‘ऐकलंत का?’ हा कार्यक्रम लागतो. तो सईद आणि निशिगंधा दोघं मिळून करतात. सईद पन्नाशीला आलेला, पंधरा वर्षं कुवेतला टँकर चालवून गावी परतलेला. आवाज काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. अडलेली म्हैस, चिडलेला कंडक्टर, बाजारात घासाघीस करणारी म्हातारी, जे सांगाल ते. कार्यक्रमाचा पहिला भाग त्याचा. त्याचं नाव ‘आजचं आक्रीत’, आणि त्यात पंचक्रोशीतल्या चमत्कारिक बातम्या असतात. दुसरा भाग ‘हातभार’. कुणाला रक्त हवंय, कुणाला चाकाची खुर्ची हवीय, हे त्यात निशिगंधा सांगते. लोक आक्रीतासाठी रेडिओ लावतात आणि हातभार सुरू झाला तरी बंद करायचा विसरतात, असं ती म्हणते.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सोमवारी संध्याकाळी सईदच्या मोबाईलवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. आंबेनळी घाटातल्या एका वळणावर मोटरसायकल उभी आहे, एक माकड हँडलला लटकवलेली पिशवी ओढून कठड्यावर जाऊन बसतं आणि आरामात चेन उघडून बिस्किटं खातं. मागे एक बाई जिवाच्या आकांताने ओरडतेय. मग माकड पिशवी घेऊन दरीत उतरतं आणि व्हिडिओ संपतो.

मंगळवारी सकाळी सईदने त्याचं आक्रीत केलं. माकडीणबाई दिवाळीचा बाजार करून माहेरी चालल्या आहेत, असा सगळा थाट उभा केला. मधे मधे त्या बाईचं ओरडणं तसंच्या तसं काढलं. निशिगंधाला माईकसमोर हसू आवरेना. कार्यक्रम संपल्यावर तासभर फोन येत होते, पुन्हा लावा म्हणून.

दुपारी साडेतीनच्या सुमारास स्टुडिओच्या दारात एक तिशीतला माणूस येऊन उभा राहिला. अंगावर औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्यातरी कंपनीचा गणवेश, हातात डब्याची पिशवी. नाव भरत, गाव पोलादपूरजवळ. सईदने बसायला सांगितलं तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि डबा मांडीवर धरून राहिला.

“कंपनीच्या बसमध्ये तुमचा कार्यक्रम लावतात,” तो म्हणाला. “आज सगळी बस हसत होती. मीही हसल्यासारखं केलं. ती पिशवी आमची आहे, भाई. तुम्ही बायकोचा आवाज काढलात ना, अगदी तशीच ओरडली होती ती.”

मग त्याने सगळं सांगितलं. त्याची मुलगी श्रुतिका सहा वर्षांची. जन्मतः तिला ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या वर्षी मुंबईला तिचं ऑपरेशन झालं. एक भाग डोक्याच्या आत बसवला आणि एक यंत्र बाहेर, कानामागे. त्या यंत्राला वायर, वायरच्या टोकाला रुपयाएवढी चकती, आणि ती चकती चुंबकाने डोक्याला चिकटते. ते लावलं की पोरीला ऐकू येतं, काढलं की काहीच नाही. रविवारी ते तिघं अंकिताच्या, म्हणजे बायकोच्या, माहेराहून परत येत होते. हेल्मेट घातलं की चकती निसटते, म्हणून अंकिताने यंत्र काढून गुलाबी डबीत ठेवलं होतं आणि डबी त्या पिशवीत.

रविवारी त्यांनी अंधार पडेपर्यंत शोधलं. सोमवारी भरतने भावाला घेऊन पुन्हा शोधलं. नवीन यंत्र घ्यायचं तर लाखांची गोष्ट, आणि ते यायला, पोरीच्या कानाला जुळवायला महिना तरी जाणार. इकडे पोरीने बोलणंच टाकलं होतं. स्वतःचा आवाज येत नाही म्हटल्यावर ती गप्प बसायची, आणि काही विचारायचं झालं की आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवायची.

भरत भांडायला आला नव्हता. डबीबद्दल रेडिओवर सांगाल का, एवढंच विचारायला आला होता. सईदने चहा मागवला आणि तो दोघांपैकी कुणीच प्यायला नाही.

बुधवारी आक्रीत झालं नाही. सात वाजता सईद माईकवर आला आणि साध्या आवाजात बोलला. “काल मी तुम्हाला एका बाईच्या ओरडण्यावर हसवलं. ती पिशवीसाठी ओरडत नव्हती. तिच्या मुलीचं ऐकणं त्या पिशवीत होतं. हे मला ठाऊक नव्हतं, पण विचारायला हवं होतं. माझं चुकलं.” मग त्याने डबी कशी दिसते, यंत्र कसं दिसतं, वळण कुठलं, ते सावकाश दोनदा सांगितलं.

फोन थांबेनात. बाजारपेठेतल्या एका कापडवाल्याने नव्या यंत्राला मदत देऊ केली. कशेडीकडच्या ट्रकवाल्यांनी आंबेनळीने जाणाऱ्या ओळखीच्या गाड्यांना निरोप दिले. पोलादपूरच्या डोंगर चढणाऱ्या पोरांनी, उद्या दोर घेऊन उतरतो, असं कळवलं. पण कामाचा फोन आला शेवटी. घाटात रस्त्याच्या कामावर असलेला एक जुना मुकादम होता. तो म्हणाला, त्या वळणाखाली शोधून उपयोग नाही. तिथली माकडं लुटीचा माल घेऊन आडवी जातात, ओढ्यापलीकडच्या मोठ्या उंबरावर. खायचं ते खातात आणि उरलेलं खाली टाकतात. निशिगंधाने त्याच्याकडून खुणा लिहून घेतल्या आणि पोरांना कळवल्या.

गुरुवारी सकाळी अकरा जण घाटात जमले. भरतने रजा टाकली होती. अंकिता मुलीला घेऊन आली होती. यंत्राची एक जादा बॅटरी घरी होती, ती अंकिता रोज चार्ज करून पर्समध्ये ठेवत होती, त्या दिवशीही आणली होती. सईद आपली जीप घेऊन गेला. गुडघे दुखतात म्हणून त्याला सगळ्यांनी वर थांबायला सांगितलं, पण अंकितासमोर बसून राहणं त्याला जमेना. तो पोरांच्या मागून झाडं धरत धरत उतरला.

मुकादमाचं खरं निघालं. उंबराखाली पिशवी सापडली, फाटलेली. जवळच अंकिताचा स्कार्फ, पाण्याची बाटली, बिस्किटाचे कागद. डबी मात्र नव्हती. दुपारपर्यंत त्यांनी पाचोळा हातांनी उपसला, ओढ्यातले दगड उलटे केले. दोन वाजता पोरं घामाने निथळत खाली बसली. वर कठड्याशी उभी असलेली अंकिता दिसत होती. सापडलं का, हे ती आता हाताने विचारतही नव्हती.

उंबराच्या खाली थोड्या अंतरावर एक झोपडं होतं. पाणी संपलं म्हणून सईद आणि एक पोरगा तिथे गेले. दारात एक म्हातारी गवताचे भारे बांधत होती. नाव बयाबाई, एकटीच राहणारी. तिथे रेडिओ लागत नव्हता आणि मोबाईलही. तिने तांब्याभर पाणी दिलं आणि विचारलं, “सकालपासून बगत्ये, काय सांडलंय रं तुमचं?”

सईदने मोबाईलवरचा डबीचा फोटो दाखवला. तिने मोबाईल हातात घेऊन लांब धरला, मान वाकडी करून पाहिलं, आणि ती आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात गुलाबी डबी होती.

“ह्योच डबा का? सोमवारी गवताला गेले व्हते तवा घावला. आत वायर हाय. कुनाच्यातरी पोराचं आसंल म्हनून ठेवला. इचारू कोनाला? हितं कोन येतं?”

दवाने भिजू नये म्हणून तिने ती चुलीवरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली होती.

झाकण घट्ट बसलं होतं, सईदला ते उघडेना. शेवटी तिनेच उघडून दिलं. यंत्र जसंच्या तसं होतं, वायर नीट गुंडाळलेली. सईदने तिचे हात धरले आणि तो रडायला लागला. म्हातारी गोंधळली. “बस जरा,” ती म्हणाली, “आदी पानी पी.”

सगळे चढून रस्त्यावर आले. पोरीला बघायचं म्हणून बयाबाईही आली, आणि सईद दोन वेळा दम खायला थांबला तेव्हा त्याच्यासाठी तीही थांबली. अंकिताने डबी घेतली, बॅटरी बदलली. यंत्र चालेल की नाही, कुणालाच खात्री नव्हती. तिने ते मुलीच्या कानामागे बसवलं. चकती केसांतून डोक्याला चिकटली आणि बारीक हिरवा दिवा लुकलुकू लागला. श्रुतिका रस्त्याकडे तोंड करून उभी होती. अंकिता तिच्या मागे तशीच गुडघ्यांवर बसून राहिली.

“हाक मार ना गो,” बयाबाई म्हणाली.

अंकिताने हाक मारली. श्रुतिका वळली. तेवढ्यात वळणावरून महाबळेश्वरची एसटी भोंगा वाजवत आली. पोरीने कपाळाला आठ्या घातल्या आणि पाचव्या दिवशी पहिलं वाक्य बोलली, “केवढ्यांदा ओरडते ही.”

सगळे हसले. अंकिताने बयाबाईला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. तिला काय द्यावं, असं सगळे विचारू लागले तेव्हा ती म्हणाली की काही नको, गवताचा भारा तेवढा उचलून वर आणून द्या, उद्या विकायचा आहे. पोरं धावतच खाली गेली आणि होते नव्हते तेवढे सगळे भारे घेऊन आली.

भरतने मोटरसायकल तिथेच एका पोराकडे दिली. हेल्मेटचं नाव आज कुणी काढलं नाही. तिघं सईदच्या जीपमध्ये बसले. घाट उतरताना रेंज आली तसा सईदने गाडी बाजूला घेऊन निशिगंधाला फोन लावला. “मिळालं,” तो म्हणाला, “ऐकतेय ती.” पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

श्रुतिकाला चार दिवसांचं बोलायचं होतं. हा कसला आवाज, तो कसला, गाडी चढताना वेगळी आणि उतरताना वेगळी का वाजते, माकडाला तिच्या यंत्रातून ऐकू आलं असेल का. अंकिता एकेकाचं उत्तर देत होती. मग उत्तरं तुटक झाली, मग थांबली. सईदने आरशात पाहिलं. अंकिता खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती, तोंड जरासं उघडं. भरत एका हाताने तिचं डोकं सावरत होता आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवून मुलीला गप्प करत होता.

मुलगी मग कुजबुजत बोलू लागली. सईदने गाडीचा वेग आणखी कमी केला. पोलादपूर जवळ आलं होतं, पण त्याला घाई नव्हती.