दुसरा आग्रह

उपप्राचार्यांनी रबरी पोशाखात दुसरा पाय घातला आणि आत काहीतरी ओलं, कोमट लागलं. पाय तिथेच थांबला.

"हा आधी कुणी घातला होता?"

"भाड्याचा आहे दादा. गावानं घातलेला असणार," धाकटे साडू म्हणाले. ते दंतवैद्य होते आणि स्वतःच्या मालकीच्या पोशाखात, विंडसर्फिंगची शीड लावलेली फळी घेऊन केव्हाचे तयार होते. "लाजू नका. पाण्यात सगळेच यात उरकून घेतात. उलट ऊब येते."

उपप्राचार्यांनी श्वास रोखून पोशाख गळ्यापर्यंत ओढला. वासावरून गाव बरंच मोठं असावं.

किनाऱ्यावर छत्रीखाली दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरलीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, नुसत्या भुवया उंचावल्या. त्याचा अर्थ घरून निघतानाच सांगून झाला होता: आज विषय काढायचाच. सासूबाई तीन वर्षं यांच्याकडे होत्या. आता धाकट्यांनी न्यावं. सासूबाई स्वभावानं वाईट नव्हत्या. फक्त त्या खोकायच्या, खोकून झाल्यावर काय निघालं ते निरखून बघायच्या, आणि जेवण झालं की कवळी काढून उपप्राचार्यांच्या ताटाशेजारी ठेवायच्या. कवळी दंतवैद्यांनीच बसवलेली, घरचं काम म्हणून मन लावून. ताटाशेजारीही ती हसतच असायची.

दंतवैद्यांनी तर्जनी तोंडात घालून ओली केली आणि वाऱ्यात धरली. दिवसभर लोकांच्या दाढा चाचपतात तीच तर्जनी. उपप्राचार्यांनी समुद्राकडे पाहिलं.

"आज वारा झोताझोतानं येतोय," दंतवैद्य म्हणाले. "पाण्यावर काळा पट्टा सरकत येताना दिसला की झोत आला समजायचं. शिडानं ओढलं तर त्याच्या दांड्यावरचा मागचा हात सोडून द्यायचा. बास, एवढंच शास्त्र."

उपप्राचार्यांनी मागचा हात सोडला नाही. प्राचार्यपदाची वाट बघत अर्धं आयुष्य खुर्ची धरून बसलेल्या माणसाला सोडणं सहजी जमत नाही. पहिल्याच झोतात शिडानं त्यांना फळीवरून उचलून पलीकडे टाकलं. पाण्याला भांडी विसळल्याची चव होती. पुढच्या खेपेला नाकातून फेस आला. त्याच्या पुढच्या खेपेला एक मेलेला जेलीफिश गालाला येऊन चिकटला, आणि तो खरवडून काढताना किनाऱ्यावरून मेहुणीनं टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, ते हात हलवताहेत.

शेवटी ते फळीवर पाय टाकून नुसते बसून राहिले. शीड पाण्यात पडलं होतं. पोशाखात शिरलेलं पाणी आता मांड्यांशी ऊबदार होऊ लागलं होतं आणि ती ऊब कुणाकुणाची, याचा विचार करायचा नाही असं त्यांनी ठरवलं. विषय कसा काढावा? 'आईंना जरा हवापालट'? की सरळ 'आता तुमची पाळी'?

दंतवैद्य वळसा घेत जवळ आले आणि शीड सैल फडफडत ठेवून उभ्या उभ्याच थांबले. त्यांनी एकदा मागे, पाण्यावर लांबवर नजर टाकली. मग म्हणाले,

"दादा, बरेच दिवस विचारीन म्हणतोय. आईंना आमच्याकडे पाठवता का? कायमच्याच. खालची खोली रिकामीच पडलीय."

उपप्राचार्यांच्या तोंडातली खारट चव जागच्या जागी गोड झाली. पण त्यांच्या घरात पहिल्या विचारण्याला कुणी चहासुद्धा घेतला नव्हता. आधी नको म्हणायचं, समोरच्यानं "अहो, असं कसं" म्हणायचं, मग नाइलाजानं हात पुढे करायचा. त्यांचं लग्नही असंच ठरलं होतं.

"छे, छे! भलतंच काय," ते म्हणाले. आवाजात आपोआप गहिवर आला. "त्यांची आम्हाला कसली अडचण? माझ्या घरातून त्या कुठेही जायच्या नाहीत."

आणि ते थांबले.

दंतवैद्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात दोघांच्या भोवतालचं पाणी काळं झालं. "आला, आला!" असं ओरडत त्यांनी दांडा धरला, पाठ मागे टाकली आणि बघता बघता ते दूर जाऊन वीतभर झाले.

"पण तुमची अगदी इच्छाच असेल तर—" उपप्राचार्य ओरडले. उत्तर म्हणून तोंडावर एक लाट आली.

फळीवर पालथं पडून, हातांनी पाणी मारत ते किनाऱ्याला लागले, तोवर बातमी केव्हाच पोचली होती. मेहुणी घोटाभर पाण्यात धावत आली. तिचे डोळे भरले होते.

"भावजी, देवमाणूस आहात तुम्ही! ह्यांनी इतकं विचारलं, पण तुम्ही म्हणे ऐकूनच घेतलं नाहीत."

"एवढ्या मायेच्या मधे मी कोण येणार?" दंतवैद्य म्हणाले. त्यांनी फळी खांद्यावर टाकली आणि बायकोला घेऊन ते नळाकडे निघाले.

थोरली टॉवेल धरून उभी होती. तो तिनं पुढे केला नाही. ती दोघं लांब गेल्यावर तिनं विचारलं,

"तुम्ही नाही म्हणालात?"

"एकदाच म्हणालो," उपप्राचार्य म्हणाले.