मऊ लाकडाला कसली धार?

मी एक जुनी पटाशी आहे. मित्रांनो, ‘जुनी’ म्हटल्याबरोबर तोंडं पाडू नका. तुमची कीव मला नको. तुमच्यातल्या निम्म्यांच्या हाती मी पडले, तर तुम्ही माझ्याने रंगाचा डबाच उघडाल.

लोहाराने मला चांगल्या पोलादातून घडवलं आणि एका सुताराने मूठ बसवली. तो मला रोज दगडावर घासायचा आणि मनगटावरचा केस काढून बघायचा. केस निघाला, तरच लाकडाला हात. पाइनसारखं मऊ लाकूड असलं की तो मला आणखी घासायचा. मऊ लाकडावर बोथट पातं दाबलं, तर लाकूड कापलं जात नाही, चेंगरतं. त्याने कापलेल्या खाचा कशा स्वच्छ असत! लोक त्याच्या खुर्च्यांची तारीफ करत, माझी कुणीच नाही. लोकांना तेवढीच अक्कल असते.

पुढे सुताराची नजर अधू झाली आणि मी त्याच्या जावयाकडे आले. या गृहस्थांनी आल्या आल्या माझ्याने भिंतीचं प्लास्टर खरवडलं. माझ्या धारेला खांडे पडले. मग त्यांनी दोन्ही मुलींसाठी पाइनचा दुमजली पलंग करायला घेतला.

“अहो, आधी धार लावा,” त्यांची बायको म्हणाली. ती सुताराची लेक, भुशात खेळून मोठी झालेली.

“मऊ लाकूड आहे गं! त्याला कसली धार?”

मित्रांनो, इतका मूर्खपणा मी आयुष्यात ऐकला नव्हता. ते मला हातोडीने ठोकत राहिले आणि मी लाकूड नुसतं चेंगरत राहिले. खाच उंदराने कुरतडल्यासारखी झाली. खाचेत बसणारा तुकडा डुगडुगू लागला, तेव्हा स्वारीने फटीत भुसा आणि सरस कोंबला, वरून पॉलिश मारलं आणि स्वारी लांब उभी राहून स्वतःवरच खूश झाली. शेजारी येऊन “वा! वा!” करून गेले. त्या पलंगाच्या पोटात काय आहे, ते मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं. धाकटी तर उशी काखेत मारून शिडीपाशी उभी होती. मला फार भीती वाटली.

“बाबा, वर मी!”

बायकोने पलंगाचा खांब धरून हलवला. सांध्यातून भुशाचा खपला निघून जमिनीवर पडला. तिने धाकटीला हाताला धरून मागे ओढलं.

“हे कापलंय की चावलंय?”

“अगं, आतून भक्कम आहे.”

“मग आधी तुम्ही झोपा वर.”

त्यांनी शिडीवर एक पाय ठेवला. पलंग कुरकुरला. पाय खाली आला.

“माझं वजन जास्त आहे गं.”

“मग हिचं किती चालेल, तेवढं सांगा.”

त्यांनी सगळे सांधे उपसून काढले आणि धार लावायचा दगड कुठे आहे, ते बायकोला विचारलं. मुली त्या रात्री जमिनीवर गाद्या घालून झोपल्या.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. तुम्ही घेणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ज्यावर झोपायची तुमची स्वतःची छाती होत नाही, त्यावर लेकरांची अंथरुणं घालू नका. एवढं तरी जमेल ना?