लॉर्नचे थरथरते हात

माझा भाऊ लॉर्न दातांचा डॉक्टर होता. आयुष्यभर त्याने लोकांना तोंड उघडायला लावलं आणि बोलत मात्र स्वतः राहिला. निवृत्त झाल्यावर खुर्चीत अडकलेली गिऱ्हाइकं गेली, तेव्हा त्याने आमच्या किनक्रेल गावच्या गोल्फ क्लबात आमचे कान किटवले.

खेळायचा बरा. लांबचा फटका तर झोकात मारायचा. पण चेंडू होलपासून, म्हणजे तो घालायच्या खळग्यापासून, हातभर अंतरावर आला की त्याची बोटं थरथरायला लागत. दुसऱ्याच्या हिरडीत सुई खुपसताना जे हात कधी हलले नाहीत, ते एवढ्याशा चेंडूपुढे भिजलेल्या कोंबडीसारखे फडफडत. त्याच्याकडे बघवत नसे. म्हणून कुणी बघतच नसे. आमच्या खेळात एक सोय आहे. चेंडू अगदी होलच्या तोंडाशी असला, तर समोरचा 'दिला' म्हणतो आणि तो फटका न मारताच मारला असं धरतात. लॉर्नच्या बाबतीत अख्खं किनक्रेल चांगल्या हातभर अंतरावरूनच 'दिला' म्हणायचं. ती कीव होती. लॉर्नला वाटायचं, दरारा आहे.

माझा नवरा निनियन त्याचा शाळेपासूनचा मित्र. शाळेत मुलांना संगीत शिकवून त्याचे कान थोडे गेले होते, पण स्वभाव शाबूत होता. क्लबच्या जोडीच्या स्पर्धेत हे दोघं कायम एकत्र. त्यात दोघांचा मिळून एकच चेंडू असतो, तो आळीपाळीने मारायचा. निनियन आपला फटका असा हळुवार सोडायचा की लॉर्नच्या वाट्याला येणारा चेंडू मांजरानेही पंजाने होलमध्ये ढकलावा. याबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नाही, आणि लॉर्नच्या तर ते ध्यानातही आलं नाही.

गेल्या वसंतात लॉर्न डोंगरातल्या एका हॉटेलात दोन रात्री राहून आला. तिथे जाइल्स नावाचा एक इंग्रज माणूस गोल्फवाल्यांची मनं दुरुस्त करून देतो म्हणे. परत आला तो वेगळाच होऊन. फटक्याआधी डोळे मिटायचे, श्वास पोटात ओढायचा आणि ओठांतल्या ओठांत म्हणायचं, "मी नदी आहे." किनक्रेलला नदी नाही. एक ओढा आहे, तो मासळीच्या कारखान्यामागून वाहतो.

एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला होता. मी मटणाचा भाजलेला तुकडा कापत होते.

"निनियन, वाईट वाटून घेऊ नकोस," लॉर्न म्हणाला, "पण तुझं माझ्या मनावर ओझं होतं."

"माझं? मी तर बोलतसुद्धा नाही."

"तेच ना. तू न बोलता शंका घेतोस. जाइल्स म्हणतो, शंकेखोर माणसांपासून लांब राहा. मी यंदा ब्रॉडीबरोबर खेळतोय."

ब्रॉडी म्हणजे घरं विकणारा एक पोरगेला गृहस्थ. दात फार पांढरे.

निनियनने काटा खाली ठेवला. "बरं," एवढंच म्हणाला.

"बटाटे घेतोस का रे," मी लॉर्नला विचारलं, "की तेही शंका घेतात?"

"बघ इशबेल, हेच. हाच सूर. आपल्या घरात पहिल्यापासून हाच सूर होता."

आणि त्याने बटाटे घेतले. भरपूर घेतले.

निनियन आठवडाभर घरात सावलीसारखा वावरला. पियानोचं झाकणही उघडलं नाही त्याने. शेवटी मीच म्हटलं, माझ्याबरोबर खेळ. या स्पर्धेत बायकांना घ्यायला लागून फार वर्षं झालेली नाहीत आणि पाटीवर माझं नाव लागलं तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी घसे खाकरले. खाकरू देत.

उन्हाळाभर लॉर्न क्लबच्या बारमध्ये ऐकवत होता, "या मोसमात माझा एकही छोटा फटका चुकलेला नाही." खरंच होतं. कुणी मारूच दिला नव्हता. लोक 'दिला' म्हणत गेले आणि हा प्रत्येक 'दिला' जाइल्सच्या खात्यात जमा करत गेला.

उपांत्य सामन्यात तो आणि ब्रॉडी आमच्यासमोर आले. निघण्याआधी मी निनियनला सांगितलं, "आज काही द्यायचं नाही."

"इशबेल, तुझा भाऊ आहे तो."

"म्हणूनच."

तरी पहिल्याच होलवर सवयीने निनियनच्या तोंडून 'दिला' निघून गेलं. एकदा दिलं की परत घेता येत नाही. मी त्याच्या पायावर पाय दिला. पुढे तो गप्प राहिला.

चौथ्या होलवर लॉर्नची पाळी होती. चेंडू होलपासून माझ्या बुटाएवढा लांब. लॉर्न उचलायला वाकला, मग थांबला, आणि आमच्याकडे बघायला लागला. समुद्रावरून वारा येत होता. 'दिला' कुणी म्हटलं नाही.

"निनियन?" तो म्हणाला.

निनियन टोपीच्या आत बघत होता.

"मार ना," मी म्हटलं. "नदी आहेस ना तू?"

त्याने डोळे मिटले. श्वास घेतला. तो श्वास संपेचना. ब्रॉडीने घड्याळात पाहिलं. मग लॉर्नचे ओठ हलले आणि त्याच क्षणी हातही हलले. चेंडू होलच्या कडेवरून डावीकडे निसटला आणि आधीपेक्षा लांब जाऊन थांबला. माझ्या पोटात हसू उकळत होतं. मी ते दाबलं नाही, फक्त तोंड मिटून घेतलं.

त्यानंतर सगळं ढासळलं. पुढच्या होलवर त्याने ब्रॉडीला सांगितलं की तू फार मोठ्याने चालतोस. त्याच्या पुढच्यावर स्वतःचं मनगट धरून उभा राहिला. ब्रॉडी हसायचा थांबला, मग बोलायचाही थांबला. शेवटचे होल खेळायची वेळच आली नाही, त्याआधीच आम्ही जिंकलो.

हात मिळवताना लॉर्न निनियनला म्हणाला, "तू मनातल्या मनात 'नको, नको' म्हणत होतास. मला ऐकू येत होतं."

"मी चेंडूला 'आत जा, आत जा' म्हणत होतो," निनियन म्हणाला. "प्रत्येक वेळी."

खरं सांगत होता तो. मी ओळखते त्याला. मी स्वतः काय म्हणत होते ते मला कुणी विचारलं नाही.

आम्ही अंतिम सामना हरलो. लॉर्नला मात्र शरम कसली ती माहीत नाही. हिवाळ्यात त्याने क्लबच्या मागच्या खोलीत मनाचे वर्ग सुरू केले. आमच्याकडून हरल्यामुळेच म्हणे त्याला मनाची खोली कळली. आणि लोक गेले. धडधाकट, जेवून-खाऊन सुखी माणसं पैसे मोजून तिथे बसली आणि आपल्या हातांचा विचार करायला शिकली. आमचे खजिनदार त्यांतलेच. उभ्या जन्मात त्यांनी छोट्या फटक्याबद्दल विचार केला नव्हता, म्हणून कधी चुकलेही नव्हते. फेब्रुवारीत त्यांची बोटं थरथरायला लागली. लॉर्नने त्यांना सांगितलं, ही प्रगतीची खूण आहे. त्यांनी ते मानलं. अशा माणसांबद्दल मी काय बोलू.

ब्रॉडीने लॉर्नला सोडलं. तुमच्याजवळ उभं राहिलं की मला शंका यायला लागतात, असं तोंडावर सांगून सोडलं. मग एप्रिलमध्ये फोन वाजला. लॉर्नचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच निनियन 'हो' म्हणाला.

मी सूप ढवळत होते. विचारलं, "कशाला?"

"एकटा पडलाय तो."

"पडू दे."

"मी बरोबर असलो की त्याला तो शेवटचा फटका फारसा मारावा लागत नाही, इशबेल. एवढं मला जमतं."

"आणि त्याला ते कधी कळणार?"

"कळायला कशाला हवं?" असं म्हणून तो बूट शोधायला गेला.

मला भावाचा तिटकारा होताच. त्या दिवशी नवऱ्याचाही थोडा आला, आणि आला याचा रागही आला. पहिल्या सामन्याच्या सकाळी मी बघायला गेले, कारण घरात बसवेना. पहिल्या फटक्याच्या जागी दोघं शेजारी शेजारी उभे होते, डोळे मिटून, पोटं फुगवून. लॉर्नने त्यालाही श्वास घ्यायला लावला होता. समुद्रावरचं धुकं आत सरकत होतं आणि मागे खेळायला आलेली माणसं गोल्फच्या काठ्यांवर रेलून, हे कधी संपतंय याची वाट बघत उभी होती.